वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी: ठाण्याहून एका दिवसाच्या यात्रा कशा आखाव्यात

वज्रेश्वरीला भर दुपारी पोहोचणे ही या यात्रेतली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही ठाण्याहून नाश्ता वगैरे आटोपून नऊला निघालो, भिवंडीच्या कोंडीत अडकलो आणि अकराच्या पुढे अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन थांबलो. वरून ऊन, खाली ऊन पाणी, पोटात फक्त चहा. आई दहा मिनिटे पाण्यात बसली आणि बाहेर येताना पायरीवरच तिला भोवळ आली. तिला सावलीत आडवे करून लिंबू-सरबत दिल्यावर ती सावरली, पण त्या दिवशी मंदिराच्या पायऱ्या चढण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते आणि देवीचे दर्शन राहून गेले. नंतरच्या प्रत्येक खेपेला आम्ही क्रम बदलला: पहाटे निघायचे, आधी पाणी, मग देवी, मग जमल्यास डोंगर आणि दुपारच्या विसाव्याला गणेशपुरी. या क्रमाने गेल्यास सत्तरीतल्या माणसालाही ही यात्रा सुखाची होते.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटेच्या गारव्यात कुंडांवर वाफ दिसते आणि ऊन पाण्याचा खरा आनंद त्याच वेळी मिळतो. मार्चनंतर जायचे असल्यास सकाळी नऊच्या आत स्नान उरकेल असाच बेत करावा. पावसाळ्यात हा सारा परिसर हिरवागार असतो, मंदिरामागच्या मंदागिरी टेकडीच्या उतारावरून ओहोळ वाहतात; पण तानसा नदी फुगलेली असते आणि नदीकाठची कुंडे पाण्याखाली जातात, त्यामुळे त्या दिवसांत यात्रा दर्शनापुरती ठेवावी आणि नदीच्या पात्रात एकही पाऊल टाकू नये.

गर्दीचे दिवस दोन प्रकारचे आहेत. अश्विनातील नवरात्र आणि चैत्र अमावास्येची जत्रा हे देवीचे मोठे उत्सव. जत्रेची सुरुवात चैत्र वद्य चतुर्दशीला होते आणि पुढे देवीची पालखी निघते. उत्सव पाहायचा असेल तर मुद्दाम त्याच दिवसांत जावे, मात्र त्या दिवशी कुंड, डोंगर असा काही बेत जोडू नये. दुसरी गर्दी गणेशपुरीची, गुरुवारी आणि गुरुपौर्णिमेला. शांतपणे सर्व पाहायचे असेल तर मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार वगळून सोमवार, बुधवार किंवा शुक्रवार निवडावा.

कसे जावे

ठाण्याहून दोन वाटा आहेत. पहिली माजिवड्याहून मुंबई-नाशिक महामार्गाने भिवंडी, तिथून नदी नाक्यावरून वाडा रस्त्याने अंबाडी आणि अंबाडीला डावीकडे वळून वज्रेश्वरी. हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. अंतर कमी असले तरी भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रक आणि कंटेनर या रस्त्यावर दिवसभर असतात, म्हणून पहाटे साडेपाचच्या आत माजिवडा ओलांडल्यासच ही वाट सोयीची. दुसरी वाट घोडबंदर रस्त्याने वरसावे पुलावरून अहमदाबाद महामार्गाला लागते आणि शिरसाड फाट्यावर उजवीकडे वळून वज्रेश्वरीला पोहोचते. ती लांबची आहे, पण शेवटचा टप्पा गावांतून आणि झाडीतून जात असल्यामुळे डोळ्यांना सुखद आहे. माझा सल्ला असा की, जाताना भिवंडीची वाट धरावी आणि येताना वाहतुकीचा अंदाज घेऊन ठरवावे. नवी मुंबईकरांनी ऐरोली किंवा कळव्यामार्गे खारेगावला येऊन नाशिक महामार्ग पकडावा. सकाळी लवकर ठाणे शहरात शिरण्याची गरज पडत नाही.

स्वतःचे वाहन नसेल तरी अडत नाही. ठाणे, कल्याण, भिवंडी, वसई आणि विरार या बाजूंनी एसटीने जाता येते. थेट गाडी न मिळाल्यास भिवंडी बसस्थानक गाठावे आणि तिथून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे जाणारी गाडी धरावी. गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी आगाराच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्याव्यात आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वज्रेश्वरीत उतरताच वाहकाला विचारावी. हे एक काम विसरले की संध्याकाळी फार वणवण होते. पश्चिम रेल्वेने आल्यास वज्रेश्वरी विरार स्थानकापासून सुमारे २७ आणि वसई रोड स्थानकापासून सुमारे ३१ किलोमीटर आहे. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, ६५ ते ७५ वयोगटाला आणि सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो, तेव्हा ज्येष्ठांनी आधारकार्ड जवळ ठेवावे.

पहिला टप्पा: अकलोलीचे ऊन पाणी

वज्रेश्वरीपासून दीड-दोन किलोमीटरवर तानसा नदीच्या काठी अकलोली आहे. इथल्या शिवमंदिराशेजारी दगडी बांधणीची कुंडे आहेत. वज्रेश्वरीच्या पाच मैलांच्या परिघात असे सुमारे २१ झरे असल्याचे सांगितले जाते आणि गणेशपुरी व निंबोळीचे झरे त्यांतलेच. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी इथली कथा आहे. आपण कोकणातली माणसे या पाण्याला किती पूर्वीपासून ओळखतो, हे गावांच्या नावांवरूनच कळते: पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात हे झरे एका रांगेत असल्यासारखे सापडतात. इथे जिवंत ज्वालामुखी आहे असे कुंडावर भेटणारा एखादा माणूस हमखास सांगतो, ते मात्र खरे नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ ज्वालामुखीतून आलेला आहे, पण ती घटना साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. आजचे पाणी तापते ते वेगळ्या कारणाने. पावसाचे पाणी कातळातील भेगांमधून फार खोल उतरते, तिथल्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेवाटे वर येते. वाटेत ते खडकांतील क्षार आणि गंधक घेऊन येते, म्हणून त्याला तो ओळखीचा वास असतो.

स्नानाची रीत अशी ठेवावी. निघण्यापूर्वी घरी किंवा वाटेत थोडे काही खावे; उपाशीपोटी उतरू नये आणि भरल्यापोटीही उतरू नये. प्रत्येक कुंडाचे पाणी सारखे ऊन नसते, म्हणून काठावर बसून आधी हात बुडवावा, मग पावले, मग पोटऱ्या आणि अंगाला सवय झाल्यावरच खाली उतरावे. काही झऱ्यांचे पाणी हात पोळेल इतके कढत असते, तिथे लोटीने पाणी घेऊन निववून अंगावर घ्यावे. पाच ते दहा मिनिटे पुरे. बाहेर आल्यावर लगेच उभे राहून चालू लागू नये; काठावर बसून अंग पुसावे, पाणी प्यावे आणि मग उठावे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी विशेष जपावे, कारण पाय भाजल्याचे त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी घरातल्या दुसऱ्या कोणी पाणी पाहावे. त्वचारोगावर हे पाणी गुणकारी आहे अशी श्रद्धा असल्यामुळे सार्वजनिक कुंडांत असे रुग्णही येतात. अंगावर उघडी जखम असेल तर कुंडात न उतरणे आपल्या आणि इतरांच्याही हिताचे. ज्यांना सर्वांसमोर स्नान करणे अवघड वाटते त्यांच्यासाठी आसपासच्या लॉजमध्ये झऱ्याचे पाणी आणलेली न्हाणीघरे भाड्याने मिळतात. साबण, शाम्पू कुंडात वापरू नये.

एक बारीकशी गोष्ट मुद्दाम सांगतो. चांदीचे पैंजण, जोडवी, अंगठ्या काढून रुमालात बांधून ठेवाव्यात. आईची जोडवी या पाण्यातून निघाली तेव्हा ती लोखंडाची वाटावीत इतकी काळवंडली होती. गंधकयुक्त पाण्याचा तो गुणच आहे. घरी येऊन तिने ती रांगोळीने घासली आणि पुन्हा पांढरी झाली, पण बारीक नक्षीच्या खाचांतला काळेपणा बरेच दिवस गेला नाही.

दुसरा टप्पा: देवीचे दर्शन

कुंडावरून निघाल्यावर चहा-नाश्ता करून अर्धा-पाऊण तास विसावा घ्यावा आणि मग मंदिराकडे यावे. हे मंदिर घाईने पाहण्यासारखे नाही, कारण त्याची घडण एका नवसातून झालेली आहे आणि तो नवस ठाणेकरांच्या फार जवळचा आहे.

१७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा किल्ला. साष्टी हाती आली तरी वसईचा किल्ला मात्र दोन वर्षे पडेना. मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या चिमाजी अप्पांनी वडवली परिसरात तळ असताना देवीला नवस केला की, वसई हाती आल्यास किल्ल्यासारखे मंदिर बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडून हे मंदिर उभे करण्यात आले. देवीचे मूळ स्थान इथून उत्तरेला गुंज येथे होते आणि ते मंदिर पोर्तुगिजांनी पाडल्यावर देवी वडवलीला आली, असे सांगतात. गावाचे जुने नाव वडवली. आज ते देवीच्याच नावाने ओळखले जाते.

हे माहीत असले की खाली उभे राहून वर पाहताना मंदिर वेगळेच दिसते. भोवतीचा दगडी तट, उंचावरचा दरवाजा, त्यावरचा नगारखाना हे सारे किल्ल्याचे आहे. वर जाण्यासाठी ५२ दगडी पायऱ्या आहेत आणि त्या नाशिकच्या नानासाहेब चांदवडकर या सावकाराने बांधल्याचे सांगतात. चढताना नजर खाली ठेवावी. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलेले आहे आणि ते विष्णूचा कूर्मावतार म्हणून पूजले जाते. भाविक त्याला हळदकुंकू वाहतात, त्याच्या पाठीवर बोट टेकवून ते कपाळाला लावतात. घाईत वर जाणारी माणसे त्याच्या शेजारूनच निघून जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी या पायरीजवळ थांबून दम घ्यावा.

गाभाऱ्यात मधोमध शेंदरी वज्रेश्वरी आहे, हातांत खड्ग आणि गदा, शेजारी त्रिशूळ. तिच्या एका बाजूला रेणुका आणि वणीची सप्तशृंगी महालक्ष्मी, तर दुसऱ्या बाजूला कालिका आणि परशुराम. आईची आणि मुलाची मूर्ती एकाच गाभाऱ्यात असण्याचे कारण या भूमीच्या कथेत आहे: परशुरामाने इथे यज्ञ केला आणि परिसरातील टेकड्या म्हणजे त्या यज्ञाची राख, असे मानले जाते. देवीच्या नावाचीही कथा सांगतात. वसिष्ठांच्या यज्ञात आपल्याला हविर्भाग, म्हणजे आहुतीचा वाटा, मिळाला नाही म्हणून रागावलेल्या इंद्राने वज्र फेकले आणि देवीने ते गिळून टाकले, म्हणून ती वज्रेश्वरी. दर्शन झाल्यावर लगेच न उतरता आवारातील कपिलेश्वर, दत्त आणि मारुती यांची देवळे आणि गिरी गोसावी पंथातील संतांची स्थाने पाहावीत. ओटीचे सामान पायथ्याच्या दुकानांत मिळते. खण-नारळ घरून नेला तरी चालतो.

डोंगर, ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांच्यासाठी

मंदिर मंदागिरी टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि टेकडीच्या माथ्यावर सतराव्या शतकातील गिरी गोसावी संत गोधडेबुवा यांची समाधी आहे. दर्शनानंतर तरुण मंडळींनी वर जाऊन यावे आणि ज्येष्ठांनी तोवर मंदिराच्या सावलीत बसावे. वाट पुजाऱ्यांना किंवा दुकानदारांना विचारून घ्यावी, प्रत्येकाने एक लिटर पाणी घ्यावे आणि दहानंतर, विशेषतः उन्हाळ्यात, चढायला सुरुवात करू नये. माथ्यावरून तानसेचे वळण आणि चारही बाजूंचे डोंगर दिसतात. ही नदी पुढच्या एका कारणानेही आपली आहे: वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, तिच्यावर १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आहे आणि त्याचे पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईला जाते. त्या तलावाभोवतीच्या अभयारण्यात २०१४ मध्ये रानपिंगळा हा अत्यंत दुर्मीळ पक्षी आढळला होता. वज्रेश्वरीच्या दिवसात मात्र तानसा तलाव कोंबू नये, तो वेगळ्या दिवसाचा आणि वेगळ्या परवानगीचा विषय आहे.

तिसरा टप्पा: गणेशपुरी

जेवण वज्रेश्वरीत करावे आणि दुपारी दोन-तीन किलोमीटरवरच्या गणेशपुरीला जावे. सत्पुरुष भगवान नित्यानंद १९३० च्या दशकात इथे आले, भीमेश्वराच्या मंदिराजवळ आणि तिथल्या ऊन कुंडांच्या सान्निध्यात राहिले, आणि त्यांच्याभोवती जंगलातले हे छोटेसे ठिकाण वाढत गेले. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. समाधी मंदिरात बोलणे टाळावे. इथे लोक तासन्‌तास नुसते बसतात आणि आपणही किमान अर्धा तास बसावे, असे मी आवर्जून सांगेन. त्यानंतर भीमेश्वर आणि नित्यानंदांचे अखेरच्या काळातील निवासस्थान असलेले कैलास निवास पाहावे. परिसरातील मुलांना जेवू घालण्याची, बालभोजनाची, प्रथा त्यांच्यापासून चालत आलेली आहे. देणगी द्यायची असल्यास ती कार्यालयातच देऊन पावती घ्यावी. रस्त्यावरचा गुरुदेव सिद्धपीठ हा मोठा आश्रम त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा, १९५६ पासूनचा. तिथे वाटसरूंना सरसकट प्रवेश असेल असे गृहीत धरून बेत आखू नये.

साडेतीनच्या सुमारास परत निघाल्यास भिवंडी अंधार पडण्यापूर्वी मागे पडते.

दुसऱ्या दिवसासाठी: तुंगारेश्वर आणि वसई

ज्यांना पहिली यात्रा आवडली त्यांनी दुसऱ्या सुट्टीत नवसाची दुसरी बाजू पाहावी. घोडबंदर रस्त्याने सकाळी तुंगारेश्वर गाठावे. अहमदाबाद महामार्गालगतच्या अभयारण्याच्या फाटकापासून शिवमंदिरापर्यंत जंगलातून तीन-चार किलोमीटर चालावे लागते आणि वाटेत ओढे लागतात. २००३ मध्ये घोषित झालेले हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा आहे, म्हणजे बिबट्यांची जाण्यायेण्याची वाट. म्हणून एकट्याने आडवाटेला जाऊ नये, गाणी वाजवू नयेत आणि अंधारापूर्वी बाहेर पडावे. पावसाळ्यात धबधब्यांवर प्रशासनाची बंदी असू शकते. ती असेल तर ती पाळावी. श्रावणी सोमवारी इथे मोठी गर्दी होते.

दुपारचे जेवण करून ऊन उतरल्यावर वसईचा किल्ला पाहावा. पडक्या चर्चच्या कमानी, तट आणि खाडीकडचा दरवाजा पाहताना दोन वर्षे हा किल्ला का पडला नाही ते समजते. आतमध्येही वज्रेश्वरीचे मंदिर आहे, त्याचे दर्शन घेतल्याशिवाय परतू नये.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी भिवंडीजवळचे लोनाड अर्ध्या दिवसात होते: शिलाहारकालीन शिवमंदिर आणि डोंगरातील बौद्ध लेणे, जिथे आज खांडेश्वरी देवीची पूजा होते. दुगाडजवळचा गुमतारा किल्ला मात्र सरावलेल्या ट्रेकरांनीच, गावातला वाटाड्या घेऊन आणि पावसाळा टाळून करावा.

बरोबर काय असावे

जास्तीचे कपडे, जाड टॉवेल, ओले कपडे ठेवायला पिशवी, लोटी, सपाट तळाच्या चपला, पाणी, मीठ-साखरेची पूड आणि नेहमीची औषधे. सुटे पैसे भरपूर ठेवावेत. विशेषतः जूनमध्ये, कारण पहिल्या पावसानंतर अंबाडी आणि वज्रेश्वरीच्या रस्त्यावर आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात: शेवळं, टाकळा, कुरडू, थोड्या उशिराने कंटोळी. त्यांनी पहाटे रानात जाऊन खुडलेल्या जुड्यांवर दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. शेवळांची जुडी घेताना तिच्याबरोबर काकडांचा, म्हणजे काकड या आंबट रानफळांचा, वाटा आठवणीने मागून घ्यावा आणि घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी भाजी निवडायला बसावे, कारण शेवळं दुसऱ्या दिवशी मलूल होतात आणि काकडांच्या आंबट रसावाचून शिजवली तर घसा खाजतो.